तीच चाल, दुसरा गळा: सैद्धांतिक भौतिकशास्त्र आणि कव्हर गाण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला वेड दोनच गोष्टींचं आहे, आणि ती एकत्र सांगितली की समोरच्याच्या कपाळावर आठी उमटते. मग ठरावीक प्रश्न येतात. उत्तरं एकदाची लिहून ठेवली म्हणजे दर वेळी घसा कोरडा करायला नको.

भौतिकशास्त्र आणि कव्हर गाणी? यांचा एकमेकांशी संबंध काय?

थेट संबंध काही नाही, आणि ओढूनताणून जोडायचाही नाही. दोन्हीकडे मला एकच प्रश्न छळतो: एखाद्या गोष्टीत काय काय बदललं तरी ती तीच राहते, आणि नेमकं काय हललं की ती दुसरीच होते? गाण्याची पट्टी बदला, लय बदला, निम्मी वाद्यं काढून टाका, गाणारा बदला. ऐकणारा पहिल्याच ओळीला "अरे, हे तर तेच" म्हणून मोकळा होतो. समीकरणांची गत वेगळी नाही. एकच सिद्धांत तीन वेगळ्या पद्धतींनी मांडता येतो, तिन्हींतून आकडा तोच निघतो. गंमत पुढे आहे. दोन मांडण्या सारख्याच आहेत हे सिद्ध झाल्यावरही त्यांतली एक पुढची वाट दाखवते आणि दुसरी जागच्या जागी बसून राहते. असं का होतं, याचा पाठलाग म्हणजे माझा छंद.

तुम्ही शास्त्रज्ञ आहात की गायिका?

दोन्ही नाही. गणितं सोडवते ती कोणी तपासत नाही, गाते ते कोणी ऐकत नाही. छान चाललंय.

सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ दिवसभर करतात तरी काय?

बराचसा वेळ आकडेमोड, आणि उरलेला वेळ ती का जमत नाही याचा विचार. बुध ग्रहाचं उदाहरण घ्या. सूर्याभोवती फिरताना बुधाची लंबवर्तुळाकार कक्षा स्वतःच हळूहळू वळत जाते. इतर ग्रहांच्या ओढीमुळे ती किती वळावी हे न्यूटनच्या नियमांनी काढता येतं. ते काढलं की शतकाला ४३ विकला उरतात, ज्यांचा हिशेब लागत नाही. एक विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग, तेव्हा ही उरलेली रक्कम किती क्षुल्लक आहे ते पाहा. १८५९ मध्ये ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने ही तफावत दाखवून दिली आणि सूर्याजवळ एखादा न दिसलेला ग्रह असावा असं सुचवलं. याच युक्तीने त्याने आधी नेपच्यूनची जागा वर्तवली होती आणि १८४६ मध्ये नेपच्यून तिथेच सापडला होता, त्यामुळे लोकांनी त्याचं म्हणणं मनावर घेतलं. या वेळी ग्रह काही सापडला नाही. नोव्हेंबर १९१५ मध्ये आइनस्टाइनने गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांतातून तोच हिशेब केला आणि बरोबर ४३ आले, एकही आकडा हाताने न जुळवता.

म्हणजे कामं दोन: आहे त्या नियमांतून शेवटपर्यंत हिशेब काढणं, आणि तो अडला की नियमच बदलायला हवेत की जगात न दिसलेलं काही आहे, हे ठरवणं. पहिलं कष्टाचं. दुसऱ्यात भले भले फसतात.

कव्हर नेमकं कशाला म्हणायचं? रिमिक्स, सॅम्पल, उचललेली चाल हे सगळं एकच ना?

नाही. कव्हर म्हणजे आधी कोणीतरी ध्वनिमुद्रित केलेलं गाणं दुसऱ्याने नव्याने गाऊन-वाजवून मुद्रित करणं, आणि ते तसं आहे हे उघड ठेवणं. रिमिक्समध्ये मूळ मुद्रणच कापून-जोडून वापरतात. सॅम्पल म्हणजे त्यातला तुकडा उचलून दुसऱ्या गाण्यात बसवणं. आणि उचललेली चाल म्हणजे कव्हरच, फक्त श्रेय देण्याची लाज वाटलेलं.

काळी एकमधलं गाणं काळी चारमध्ये गायलं तर ते तेच गाणं का?

हा माझा लाडका प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबणार.

काळी एकपासून काळी चारपर्यंत सात अर्धस्वर येतात. हार्मोनियमवर एका अर्धस्वराने वर गेलं की वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं (हर्ट्झ), १.०५९५ पट होते. सात वेळा वर गेलं की जवळपास दीडपट. समजा गायकाचा सा २४० हर्ट्झवर आहे. त्याचा शुद्ध गंधार ३०० वर येईल, पंचम ३६० वर. गायिकेने सगळं दीडपट केलं की तेच तीन स्वर ३६०, ४५० आणि ५४० वर जातील. एकही आकडा जागेवर राहिला नाही. तरी चालीला धक्का लागला नाही, कारण तिन्हींमधलं ४:५:६ हे गुणोत्तर हललेलं नाही. चाल गुणोत्तरांमध्ये राहते. सुट्या आकड्यांना तिच्या लेखी किंमत नाही.

काहीतरी बदललं आणि ज्याच्याशी मतलब आहे ते बदललं नाही, याला भौतिकशास्त्रात सममिती म्हणतात. १९१८ मध्ये जर्मन गणितज्ञ एमी नोएथरने प्रसिद्ध केलेलं प्रमेय सांगतं की निसर्गनियमांत अशी अखंड, म्हणजे हवी तितकी बारीक सरकवता येणारी, सममिती असेल तर तिच्यासोबत एक अक्षय्य, म्हणजे कधी कमी-जास्त न होणारी, राशी येतेच. नियम आज आणि उद्या तेच आहेत, म्हणून ऊर्जा टिकते. इथे आणि तिथे तेच आहेत, म्हणून संवेग टिकतो. कुठल्याही दिशेला तोंड केलं तरी तेच आहेत, म्हणून कोनीय संवेग टिकतो. शाळेत हे तीन नियम तीन वेगळ्या धड्यांत येतात आणि पाठ करावे लागतात. ते एकाच विधानाची तीन रूपं आहेत हे कळलं त्या दिवशी मला शाळेवर थोडा राग आला होता.

आता सावध करते. गाण्याची पट्टी बदलता येते म्हणून गाण्यातही काहीतरी "अक्षय्य" असतं, असलं काही माझ्या तोंडी घालू नका. नोएथरचं प्रमेय विशिष्ट गणिती चौकटीतच लागू होतं, गाणं त्या चौकटीत बसत नाही.

शिवाय पट्टीची ही सममिती पुरती खरीही नाही. सगळं चौपट वर नेलं तर गळा पोचत नाही, आणखी वर नेलं तर कानही पोचत नाही, कारण माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झच्या मध्येच ऐकतो. त्याच्या अलीकडेही फरक पडतो. खालच्या पट्टीतला गळ्याचा घोगरेपणा वर गेल्यावर निघून जातो आणि विनवणीचं गाणं एकदम तक्रारीचं वाटायला लागतं. निसर्गातही असंच. सगळं दुप्पट मोठं केलं तर जग तसंच चालेल का? गॅलिलिओने १६३८ मध्येच नाही म्हणून सांगितलं: प्राणी दुप्पट उंच केला तर वजन आठपट होतं, हाडाचा छेद मात्र चौपटच, म्हणजे हाड मोडणार. अणूंच्या पातळीवर कारण आणखी थेट आहे. प्लांकचा स्थिरांक, इलेक्ट्रॉनचं वस्तुमान आणि त्याचा विद्युतभार मिळून अणूचा आकार पक्का करून टाकतात. जगाची पट्टी ठरलेली आहे.

मग मोजपट्टीची सममिती भौतिकशास्त्रात कामाचीच नाही?

तिची कहाणी कव्हरच्या अंगाने ऐकण्यासारखी आहे. १९१८ मध्येच हेर्मान वाइल या जर्मन गणितज्ञाने एक सिद्धांत मांडला. लांबीचं माप प्रत्येक जागी स्वतंत्रपणे बदलायची मुभा द्या, मग गुरुत्वाकर्षणाच्या जोडीला विद्युतचुंबकत्वही आपोआप बाहेर पडतं, असा तो डाव होता. आइनस्टाइनला मांडणी सुंदर वाटली, पण त्याने एकाच मुद्द्यावर ती पाडली: असं असेल तर दोन अणू वेगवेगळ्या वाटांनी फिरून एका जागी आले की त्यांच्या वर्णरेषा, म्हणजे अणूच्या प्रकाशातल्या ठरावीक रंगांच्या रेघा, जुळणार नाहीत. प्रत्यक्षात त्या जुळतात.

नवं क्वांटम यामिकी, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांच्या गतीचं शास्त्र, आल्यावर १९२९ मध्ये वाइलने स्वतःचंच गाणं पुन्हा घेतलं. लांबीच्या जागी इलेक्ट्रॉनच्या तरंगाची कला ठेवली, म्हणजे तरंग आपल्या आवर्तनात कुठे आहे तो कोन. बाकी बांधणी जवळजवळ तीच. या वेळी सूर लागला. पुढे १९५४ मध्ये यांग आणि मिल्स यांनी तीच कल्पना वाढवली, आणि आजचं मूलकणांचं प्रमाण प्रारूप (स्टँडर्ड मॉडेल) त्या पायावर उभं आहे. पहिलं रूप पडलेलं, दुसरं गाजलेलं, आणि कलाकार एकच. गाण्यांच्या दुनियेत याला तोड सापडणं अवघड आहे.

एकच सिद्धांत वेगवेगळ्या रूपांत मांडतात म्हणजे काय? साधं उदाहरण द्या.

लंबक घ्या. दोरीला वजन टांगलंय आणि ते झुलतंय. न्यूटनच्या १६८७ च्या पद्धतीने सोडवायचं तर वजनावरचे सगळे बल मांडावे लागतात: खाली गुरुत्वाकर्षण, दोरीच्या दिशेने ताण. ताण किती ते आधी ठाऊक नसतं, शिवाय तो क्षणाक्षणाला बदलतो. दोन दिशांची दोन समीकरणं मांडायची, त्यांतून ताण काढून टाकायचा, मग लंबक कसा झुलतो ते कळतं.

लाग्रांजने १७८८ मध्ये तेच यामिकी दुसऱ्या पद्धतीने बांधलं. बलांना हातच लावायचा नाही. गतिज ऊर्जेतून स्थितिज ऊर्जा वजा करायची (हीच लाग्रांजची राशी), दोन्ही फक्त दोरीच्या कोनात लिहायच्या, आणि एका ठरलेल्या कृतीतून समीकरण काढायचं. ताण कुठेच येत नाही, कारण तो काही कामच करत नव्हता. उत्तर अक्षरशः तेच. एका लंबकासाठी हा फरक किरकोळ वाटेल. त्या लंबकाखाली दुसरा लंबक टांगून बघा, न्यूटनच्या पद्धतीने वहीची पानं भरतील.

१८३०च्या दशकात हॅमिल्टनने तिसरं रूप दिलं. क्वांटम यामिकी जन्माला आलं तेव्हा हीच उत्तरकालीन रूपं उपयोगी पडली. श्रोडिंगरच्या समीकरणात हॅमिल्टनची राशी, म्हणजे साधारणपणे एकूण ऊर्जा, मध्यभागी बसलेली आहे, आणि फाइनमनने १९४८ मध्ये मांडलेली पद्धत, ज्यात कण सगळ्या शक्य मार्गांनी जातो असं धरून बेरीज करतात, ती लाग्रांजच्या राशीवर उभी आहे. न्यूटनच्या मूळ मांडणीतून क्वांटमकडे जाणारी अशी सरळ वाट दिसत नाही. तीन रूपं एकमूल्य, पण दारं वेगवेगळ्या भिंतींना.

हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर यांचं भांडण होतं ना?

कुरबुर होती खरी. १९२५ मध्ये हायझेनबर्गने सारणींचं, म्हणजे मॅट्रिक्सचं यामिकी मांडलं. १९२६ मध्ये श्रोडिंगरने तरंगांचं. दोघांनाही एकमेकांची पद्धत पसंत नव्हती. त्याच वर्षी श्रोडिंगरनेच दाखवलं की दोन्ही गणिताने एकच आहेत. तरी बहुतेकांनी तरंग उचलले. हायड्रोजनच्या अणूचं गणित पाउलीने सारणींनी सोडवलं होतं, पण ती कसरत पाउलीलाच झेपावी अशी होती. श्रोडिंगरच्या पद्धतीत त्या काळच्या भौतिकशास्त्रज्ञांना आधीपासून येत असलेलं विकलक (डिफरन्शियल) समीकरण सोडवायचं होतं. ऐकणाऱ्याच्या कानाला ओळखीचं वाद्य वापरलं की गाणं लवकर पोचतं.

उत्तर तेच येणार असेल तर पुन्हा मांडायचं कशाला?

याचं सगळ्यात चोख उत्तर सत्येंद्रनाथ बोस यांनी दिलं आहे.

तापलेली वस्तू कोणत्या रंगाचा किती प्रकाश देते याचं सूत्र प्लांकने १९०० मध्ये दिलं होतं. सूत्र बरोबर होतं, प्रयोगांशी जुळत होतं. पण ते सिद्ध करताना अर्धी वाट जुन्या तरंगसिद्धांतावरून चालावी लागे आणि अर्धी नव्या पुंजकल्पनेवरून, म्हणजे ऊर्जा तुकड्या-तुकड्यांत मिळते या कल्पनेवरून. ढाका विद्यापीठात शिकवणाऱ्या बोस यांना हे खटकत होतं. १९२४ मध्ये त्यांनी तेच सूत्र पूर्णपणे प्रकाशकणांवरून काढून दाखवलं आणि लेख आइनस्टाइनला पाठवला. आइनस्टाइनने स्वतः त्याचं जर्मन भाषांतर करून तो छापून आणला.

युक्ती मोजण्यात होती. दोन कण आणि दोन खोके घ्या. कणांना अ आणि ब अशी नावं असतील तर ते ठेवायचे चार प्रकार: दोन्ही डावीकडे, दोन्ही उजवीकडे, अ डावीकडे ब उजवीकडे, आणि उलट. बोस यांच्या मोजणीत प्रकाशकणांना नावं नाहीत, म्हणून शेवटचे दोन प्रकार एकच. चाराऐवजी तीन. परिणाम असा की दोघे एकत्र सापडण्याची शक्यता निम्म्यावरून दोन तृतीयांशावर जाते. जणू कणांना एकमेकांची संगत आवडते.

आता "उत्तर तेच तर कशाला" या प्रश्नाकडे या. सूत्र प्लांकचंच होतं, एका अक्षराचा फरक नाही. पण ही मोजणी हातात आल्याबरोबर आइनस्टाइनने ती अणूंना लावली, आणि पुरेशा थंडीत अणूंचा लोंढाच्या लोंढा एकाच अवस्थेत गोळा होईल असं भाकीत निघालं. ते १९९५ मध्ये रुबिडियमच्या अणूंमध्ये प्रत्यक्ष दिसलं, निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या दशलक्षांशापेक्षाही कमी तापमानाला. प्लांकच्या मांडणीकडे कितीही वेळ बघत बसलं असतं तरी ही वाट सापडली नसती. मूळ चालीत दडलेलं काहीतरी दुसऱ्या गळ्यातून ऐकू येतं, ते असं.

कव्हर मूळ गाण्यापेक्षा सरस असू शकतं?

असू शकतं, आणि ते मान्य करताना जीभ अडखळायचं कारण नाही. "रिस्पेक्ट" हे गाणं ओटिस रेडिंगने लिहिलं आणि १९६५ मध्ये गायलं. त्यात पुरुष घरी येऊन बायकोकडे मान मागतो. १९६७ मध्ये अरीथा फ्रँकलिनने ते घेतलं. शब्द बरेचसे तेच, पण मागणारी बाई झाल्याबरोबर अर्थ उलटा फिरला. एवढंच असतं तर चतुराई म्हणून सोडून दिलं असतं. तिने बांधणीही बदलली. शीर्षकातलं एकेक अक्षर सुटं करून ठणकावणारी जी ओळ आज जगाला पाठ आहे, ती ओटिसच्या मुद्रणात नाहीच. मधला सॅक्सोफोनचा तुकडाही तिच्याकडचा; त्याखालचे कॉर्ड दुसऱ्याच एका गाण्यातून आणलेले आहेत आणि मूळ स्वरस्थानापासून इतके दूर आहेत की परत आल्यावर पहिलीच ओळ नवी वाटते. पाठीमागे तिच्या बहिणींचा कोरस आहे, तो मुख्य गायिकेशी वाद घालतो, साथ देतो, मधेच चिथावतो. ओटिसचं गाणं ऐकताना आता लोकांना ते अपुरं वाटतं. बिचाऱ्याचा काही दोष नाही.

बॉब डिलनचं "ऑल अलाँग द वॉचटॉवर" १९६७ चं. गिटार, माउथ ऑर्गन आणि मोजकी साथ, जेमतेम अडीच मिनिटं. वर्षभरात जिमी हेंड्रिक्सने ते विजेच्या गिटारवर असं काही उभं केलं की पुढे खुद्द डिलन मैफलींत हेंड्रिक्सच्या वळणाने ते गाऊ लागला.

आणि सगळ्यात वाईट कव्हर कोणतं असतं?

हुबेहूब. तोच ताल, तीच पट्टी, तोच श्वास घेण्याची जागासुद्धा. गळ्याची कसरत म्हणून कौतुक करेन, पण दुसऱ्यांदा लावणार नाही. गाण्याशी काहीही देणंघेणं नसताना फक्त लय निम्मी करून आणि पियानो लावून केलेलं उदास कव्हर त्याच्या खालोखाल. हल्ली जाहिरातींमध्ये त्याचा सुळसुळाट आहे.

कव्हरचंही कव्हर होतं का?

होतं, आणि बऱ्याचदा तेच जगतं. लेनर्ड कोहेनचं "हालेलुया" १९८४ मध्ये आलं आणि फारसं कोणाच्या लक्षात आलं नाही. १९९१ मध्ये जॉन केलने ते घ्यायचं ठरवून कोहेनकडे शब्द मागितले, तेव्हा कोहेनने फॅक्सवर पानंच्या पानं कडवी पाठवली. केलने त्यांतली निवडली, वाद्यमेळ टाकून दिला, पियानो आणि आवाज ठेवला. जेफ बकलीने १९९४ मध्ये गायलं ते केलचं रूप ऐकून. नंतर गाणाऱ्यांपैकी बहुतेकांची वंशावळ कोहेनकडे न जाता केल-बकलीकडे जाते.

मॅक्सवेलचंही हेच झालं. विद्युतचुंबकत्वाची चार समीकरणं आज त्याच्या नावाने ओळखली जातात. १८६५ च्या त्याच्या लेखात ती वीस होती, घटकाघटकांत सुटी लिहिलेली. चारांत बसवलं ते १८८०च्या दशकात ऑलिव्हर हेविसाइडने. विद्यार्थी "मॅक्सवेल" म्हणून जे शिकतात ते हेविसाइडचं कव्हर असतं, आणि मुखपृष्ठावर नाव मूळ गायकाचं.

ख्यालगायनात एकच बंदिश पिढ्यान्‌पिढ्या गातात. ती सगळी कव्हरच की!

माझ्या मते नाही. कव्हरला आधीचं एक पक्कं मुद्रण लागतं, ज्याच्याकडे पाठ फिरवायची किंवा तोंड करायचं. बंदिश म्हणजे दोन-चार ओळींचा सांगाडा. मुखडा घेऊन समेवर यायचं, आणि मधलं सगळं त्या दिवशी त्या गायकाने मांडायचं. दोन गायकांनी तीच बंदिश गायली तर समान भाग थोडाच असतो. भौतिकशास्त्रात याच्या जवळ काय जातं विचाराल तर समीकरणापेक्षा पद्धत: सगळे लाग्रांजची राशी लिहूनच सुरुवात करतात, पण प्रत्येकाची राशी वेगळी.

नाट्यसंगीताचं मात्र वेगळं. "कट्यार काळजात घुसली" या १९६७ च्या नाटकात "घेई छंद मकरंद" हे पद दोन घराण्यांच्या गायकीत दोन वेगवेगळ्या चालींत येतं, दोन्ही चाली जितेंद्र अभिषेकींच्याच. शब्द तेच ठेवून चाल पालटली, आणि नाटकातला झगडा संवादांशिवाय कानाला कळला. एका संगीतकाराने स्वतःच्या गाण्याला स्वतःच दिलेलं उत्तर आहे ते.

संगीत म्हणजे शेवटी गणितच, असं म्हणतात. पटतं?

नाही. नैसर्गिक पंचम म्हणजे १.५ पट, हार्मोनियमचा १.४९८३. बारा नैसर्गिक पंचम एकावर एक रचले की १२९.७५ पट होतात, सात सप्तकं रचली की १२८ पट, आणि ते कधीच जुळत नाहीत, कारण तीनचा कुठलाही घात दोनच्या घाताएवढा होत नाही. हे गणित. ही तफावत कुठे लपवायची आणि कोणता बेसूर चालवून घ्यायचा हे मात्र कान ठरवतो.

ड्युअ‍ॅलिटी हा शब्द सारखा ऐकू येतो. ती काय भानगड आहे?

वर म्हटलेली "दोन रूपं, एक सिद्धांत" ही गोष्ट जेव्हा अशा टोकाला जाते की पहिल्यात जे भयंकर अवघड ते दुसऱ्यात सोपं होतं, तेव्हा ड्युअ‍ॅलिटी म्हणतात. स्ट्रिंग थिअरीत, म्हणजे मूलकण हे इवल्या तारांची कंपनं आहेत असं मानणाऱ्या सिद्धांतात, अशोक सेन यांनी १९९४ मध्ये आणि हुआन माल्डासेनाने १९९७ मध्ये केलेलं काम यासाठी प्रसिद्ध आहे. पण समजून घ्यायचं तर १९४१ कडे जा.

चौकटीच्या कागदावर प्रत्येक घरात एक इवलं चुंबक आहे, तोंड वर किंवा खाली. शेजारी एका दिशेला असले की ऊर्जा वाचते. तापमान कमी असेल तर सगळे एका दिशेला वळतात, जास्त असेल तर गोंधळ. मधल्या कुठल्यातरी तापमानाला हा पालट होतो. नेमका कुठे? क्रेमर्स आणि वानिए यांनी पाहिलं की खूप तापलेल्या चुंबकांच्या सगळ्या शक्य मांडण्यांची बेरीज नव्या चलांत लिहिली तर ती थंड चुंबकांच्या बेरजेसारखीच दिसते. म्हणजे प्रत्येक उच्च तापमानाला एक नीच तापमान जोडीदार आहे. पालट एकदाच होत असेल तर तो जिथे तापमान स्वतःचाच जोडीदार आहे तिथेच व्हायला हवा. तिथून आकडा निघाला: शेजाऱ्यांमधल्या ओढीच्या मापात २.२६९. पूर्ण गणित सोडवायला ओन्सागरला १९४४ उजाडावं लागलं, आणि पालट त्याच आकड्यावर निघाला. गणित न सोडवता त्यातला सर्वात महत्त्वाचा आकडा काढला, फक्त ते दोन प्रकारे लिहिता येतं एवढ्या भांडवलावर. मला हे अजूनही चोरीसारखं वाटतं.

गुरुत्वलहरींचा "आवाज" म्हणून जे ऐकवतात, तो खरा का?

अर्धा खरा. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोच्या, म्हणजे गुरुत्वलहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या वेधशाळेच्या, दोन्ही उपकरणांत पहिली लहर नोंदली गेली: दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत एकत्र आली, आणि सुमारे ०.२ सेकंदांत वारंवारता ३५ वरून २५० हर्ट्झवर चढली. या वारंवारता नशिबाने कानाच्या टप्प्यातल्याच. पण अंतराळात हवा हलली नाही, ताणलं गेलं ते अवकाश. तो आलेख स्पीकरला जोडला की धप्प असा दबका ठोका ऐकू येतो. लहान स्पीकरवर तो नीट कळत नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी पट्टी वर चढवलेलं रूपही सोबत दिलं, आणि त्यातली "टुंईप" चढण स्पष्ट कळते. विश्वाच्या गाण्याचं पहिलं कव्हर शोध जाहीर झाला त्याच दिवशी निघालं म्हणायचं.

कव्हर केलं की पैसे कोणाला मिळतात?

गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: रचनेचा आणि मुद्रणाचा. कव्हरमध्ये मुद्रण नवं असतं, म्हणून मानधन रचनाकाराला जातं. आधी गाणाऱ्याला, तो रचनाकार नसेल तर, त्यातलं काही नाही. "आय विल ऑलवेज लव्ह यू" डॉली पार्टनने स्वतः लिहून १९७४ मध्ये आणलं होतं, म्हणून १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनच्या आवाजात ते जगभर गाजलं तेव्हा डॉलीलाही मिळत राहिलं. परवानगीचे नियम देशागणिक वेगळे आहेत, गाणं बाहेर काढण्याआधी आपल्याकडचे पाहून घ्या.

यंत्राने बनवलेली, गेलेल्या गायकाच्या आवाजातली कव्हर ऐकता का?

एकदा ऐकून सोडून देते. आवाज असतो, निर्णय नसतो. अरीथाने ओटिसचं गाणं का घेतलं याला उत्तर आहे.

सुरुवात कुठून करू?

गाण्यांसाठी: मूळ आणि कव्हर पाठोपाठ ऐका, पण पूर्ण नको. एकच कडवं निवडा. पहिल्यांदा फक्त खालचं बेसचं वाद्य ऐका, दुसऱ्यांदा गायक ओळीच्या शेवटी श्वास कुठे घेतो ते. जॉनी कॅशने २००२ मध्ये घेतलेलं "हर्ट" आणि नाइन इंच नेल्सचं १९९४ चं मूळ ही जोडी यासाठी उत्तम, कारण तिशीच्या आतबाहेरच्या माणसाने लिहिलेली ओळ सत्तरीच्या माणसाने म्हटली की काय होतं ते एकेका शब्दावर दिसतं.

भौतिकशास्त्रासाठी: कलनशास्त्र आलंच पाहिजे, त्याला पळवाट नाही. मग एकच गणित, झुलता लंबक किंवा स्प्रिंगला लावलेलं वजन, न्यूटनच्या, लाग्रांजच्या आणि हॅमिल्टनच्या पद्धतीने सोडवा. कृष्णविवरांवरची चित्रफीत बघण्यापेक्षा यात जास्त मिळेल.

मी माझा स्वतःचा सिद्धांत मांडला आहे. आइनस्टाइन कुठे चुकला ते त्यात दाखवलंय. वाचाल का?

वाचेन, एका अटीवर. आधी जुनी गाणी म्हणून दाखवा. गुरुत्वाकर्षण मंद आणि वेग कमी असताना तुमच्या सिद्धांतातून न्यूटनचा नियम निघाला पाहिजे. मग बुधाचे ४३ विकला. मग सूर्याच्या कडेवरून जाणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ विकला वाकला पाहिजे, जो १९१९ च्या ग्रहणात तपासला गेला होता. आइनस्टाइनने हे सगळं म्हणून दाखवल्यावरच त्याच्या स्वतःच्या रचनेला टाळ्या मिळाल्या. आकडेमोड सोबत जोडा, पायऱ्या गाळू नका, आणि कृपा करून सगळं ठळक अक्षरांत लिहू नका.